वर्ष पुरं न करता परतले

मी शाळेत असताना शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी अमेरिकेला गेले आणि अर्धं वर्षही झालं नव्हतं तेव्हा परत आले. एवढं एक वाक्य सलग बोलायला मला पुढं फार काळ लागला. कोणी विषय काढला की मी म्हणायची, "हो, गेले होते," आणि चहा ठेवायला उठायची.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. वडिलांना मी अण्णा म्हणते. त्यांची मेंढरं होती, अजून आहेत, आणि थोडी कोरडवाहू जमीन. उन्हाळ्यात ते मेंढरं घेऊन माजलगावकडं, धरणाखालच्या उसाच्या पट्ट्यात जायचे. तिकडं हिरवं असायचं, आणि शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलवायचे. आई मात्र गावातच राहायची, माझी शाळा बुडू नये म्हणून.

मी केजच्या शाळेत जाऊन-येऊन शिकत होते. दहावीत असताना इंग्रजीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, की परदेशात वर्षभर राहून तिथल्या शाळेत शिकायला इथल्या मुलांना निवडतात. सगळा खर्च तेच करतात. तिथल्याच एका घरात, घरच्यासारखं राहायचं. वर्ग हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, आधी बीडला तरी न्या की." मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून घेतलं. "तू बस या परीक्षेला. तुझं इंग्रजी मोडकं आहे, पण तू बोलायला घाबरत नाहीस."

हे त्यांचं माझ्याविषयीचं मत होतं. पुढं ते मला फार टोचलं.

परीक्षेत मी पास झाले. मुलाखत पुण्याला होती. मॅडम स्वतः मला घेऊन गेल्या. तिथं आलेली मुलं आपापसांत इंग्रजीत भांडत होती, इतकं त्यांना ते येत होतं. आत तिघं बसले होते. त्यांनी विचारलं, तिकडच्या लोकांना तू तुझ्या घराविषयी काय सांगशील? मी मेंढरांचं सांगितलं. दिवसभर चरून मेंढरं संध्याकाळी परत येतात तेव्हा जाळीच्या कुंपणात ठेवलेली कोकरं एकदम ओरडायला लागतात. इकडून आया ओरडतात, तिकडून कोकरं. आपल्याला सगळे आवाज सारखेच वाटतात. पण कुंपण उघडलं की घटकाभरात ज्याची आई त्याला सापडते आणि एकदम शांत होतं. मला 'कोकरू'चं इंग्रजी आठवेना, तेव्हा मी ते ओरडून दाखवलं. तिघंही मोकळेपणानं हसले.

निवड झाली. मग जे व्हायचं ते सगळं झालं. शाळेत मंडप घातला. आमच्या भागातले पुढारी आले, त्यांनी मला शाल घातली, अण्णांना फेटा बांधला आणि माइकवर म्हणाले, "ही फक्त मेंढपाळाची लेक न्हाई, ही आख्ख्या जिल्ह्याची लेक हाय." गावाच्या फाट्यावर बॅनर लागला. माझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, मागं विमान, वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे आणि त्यांच्या मुलाचे हात जोडलेले फोटो. अण्णांना जेमतेम वाचता येतं. ते बॅनरखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "डोळे तुजेच हायत. बाकी कोण हाय काय म्हाईत."

मी गेले ते अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात. घरात नवरा-बायको दोघंच, मुलं मोठी होऊन बाहेर गेलेली. बाई बँकेत कामाला होत्या, त्यांचा नवरा ट्रक दुरुस्त करायचा. दोघंही चांगली माणसं होती, हे आधीच सांगते. माझ्याशी तिथं कोणीही वाईट वागलं नाही. कोणी वाईट वागलं असतं तर मला परत येताना काहीतरी सांगता आलं असतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला फ्रिज उघडून दाखवला. म्हणाल्या, "हे घर तुझं आहे. भूक लागली की काहीही काढून खा. विचारायची गरज नाही." मी मान हलवली. मला वाटलं, हे बोलायचं असतं म्हणून बोलतात. आमच्याकडंही पाहुण्याला "घर तुमचंच हाय" म्हणतात, म्हणून कोणी पाहुणा उठून दुरडीतली भाकरी काढून घेत नाही.

पहिल्या रात्री जेवताना बाईंनी विचारलं, "आणखी हवंय?" मी "नको" म्हटलं. मामाच्या घरी मी "नको" म्हटलं की मामी "असं कसं न्हाई" म्हणत ताटात अर्धी भाकरी टाकायची, मी दोन्ही हात आडवे धरायची, ती हाताच्या खालून वाढायची. "नको" हे तिथं जेवणाची सुरुवात असते. इथं बाईंनी "बरं" म्हटलं आणि भांडं उचलून ठेवून दिलं. मी रिकाम्या ताटाकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची समजूत झाली, की ही मुलगी फार कमी खाते. मग त्या माझ्यासाठी कमीच वाढायला लागल्या.

आता हे सांगताना लोक हसतात. "एवढं साधं? हो म्हणायचं ना!" मला ते साधं नव्हतं. तोंडातून "हो, आणखी द्या" हे शब्द निघायचेच नाहीत. हावरी वाटेन, घरच्यांनी काही शिकवलं नाही असं वाटेल, अण्णांची लाज जाईल असं वाटायचं. अण्णा होते सातासमुद्रापार, मेंढरांमागं. पण मला ते त्या जेवणाच्या टेबलापाशी उभे दिसायचे.

शाळेतही तसंच. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये ताट घेऊन कोणत्या टेबलाला बसायचं ते कळायचं नाही. आपण जाऊन बसलो आणि त्यांना नको असलं तर? कोणी बोलावेल म्हणून मी उभी राहायची. कुणी बोलावत नसे, कारण तिथं कुणीच कुणाला बोलावत नाही, ज्याला बसायचं तो बसतो. मग मी ताट ठेवून संडासात जाऊन बसायची. तिथं घंटा होईपर्यंत दाराच्या कडीकडं बघत राहायची.

माझे आतले कपडे मी हातानं धुवायची. त्यांच्या मशिनमध्ये, त्या माणसाच्या कपड्यांसोबत माझे कपडे घालायची कल्पनाच करवत नव्हती. धुतलेले वाळत घालायचे कुठं? गावी आई टॉवेलखाली घालायची. मी कपाटाच्या आत, स्वेटरच्या मागं घालायला लागले. थंडी वाढली, कपाट बंद, कपडे वाळायचे नाहीत, आणि त्यातून पाणी गळून खालचा गालिचा कुजला. एक दिवस बाई वास कुठून येतो म्हणून कपाट उघडून बसल्या. मी शाळेतून आले तेव्हा माझे सगळे कपडे पलंगावर, व्यवस्थित घडी करून ठेवलेले. त्या म्हणाल्या, "अगं, मशिन आहे ना." आवाजात राग नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या रागावल्या असत्या तर मी रडले असते आणि कदाचित आमचं बोलणं झालं असतं.

मग पावाचं झालं. भूक सहन होईना तेव्हा मी स्वयंपाकघरातून पावाचे तुकडे आणून टेबलाच्या खणात ठेवायला लागले. तेही सापडले. कारण खणात उंदीर शिरला. त्या घरात आजवर कधी उंदीर आला नव्हता. बाईंचा नवरा पिंजरा घेऊन खोलीत आला, गुडघ्यावर बसला, खण ओढला. पावाचे वाळलेले तुकडे त्यानं ओंजळीत घेतले. मग त्यानं बायकोला हाक मारली. दोघं दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही तुला उपाशी ठेवतोय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, नाही. मी ठीक आहे. थँक यू."

मला एवढंच येत होतं. ठीक आहे, थँक यू. जी मुलगी पुण्यात तिघा अनोळखी माणसांसमोर कोकरासारखी ओरडली होती ती कुठं गेली, मला कळलंच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी खेळाच्या तासाला मला चक्कर आली. डॉक्टरांनी वजन केलं. ते फार उतरलं होतं. मग शिष्यवृत्तीवाल्यांकडून, बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांची देखभाल करणाऱ्या एक बाई मोटार चालवत, बर्फातून आल्या. माझ्यासमोर बसून हळू, सोप्या इंग्रजीत बोलल्या. "तू इथं आनंदात आहेस का?" मी हो म्हटलं. "तुला दुसऱ्या घरात राहायला आवडेल का? की घरी परत जायचंय? की इथंच राहायचंय? तू सांगशील तसं करू."

दुसरं घर मागितलं तर या माणसांचा अपमान. इथंच राहते म्हटलं तर यांच्यावर ओझं. घरी जाते म्हटलं तर फाट्यावरचा बॅनर. तिन्हीपैकी एकही शब्द मला उच्चारता येईना. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

आमच्याकडं मोठ्या माणसांना असंच म्हणतात. त्याचा अर्थ, तुम्ही माझ्या मनातलं ओळखा. त्या बाईंनी त्याचा अर्थ जो होतो तोच घेतला. त्यांना वाटलं, ही मुलगी मनातलं सांगतच नाही, हिच्या तब्येतीची जबाबदारी घेणं बरोबर नाही. फोनाफोनी झाली आणि आठवड्याभरात माझं परतीचं तिकीट आलं. निघताना घरच्या बाईंनी मला मिठी मारली तेव्हा मी काठीसारखी उभी होते. त्यांचा नवरा बाहेर बर्फ उपसत होता. तो आत आला नाही. त्यालाही लाज वाटत होती हे मला फार नंतर समजलं. त्यांच्या घरातून एक मूल उपाशी परत जात होतं.

मुंबईच्या विमानतळावर अण्णा एकटेच आले होते. पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. मला थंडी वाजेल म्हणून आणलेली. मुंबईत घाम येत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बॅग घेतली. बाहेर एका खांबाशी बसून त्यांनी पिशवीतनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मी खायला लागले. एक संपली, दुसरी घेतली. विचारलं नाही, नको म्हटलं नाही.

"हळू खा बाई," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "खायला देत नव्हते का तितं?"

"देत होते."

"मग?"

"मला घेता येत नव्हतं."

अण्णांना समजलं का नाही ते त्यांनी दाखवलं नाही. पाण्याची बाटली पुढं केली.

एसटी बदलत बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी जामखेड सोडलं, पाटोदा मागं पडलं. लिंबागणेशला गाडी थांबली तेव्हा अण्णा एकदम उठले. "उतर. दर्शन घिऊ."

गणपतीचं दर्शन पाच मिनिटांत झालं. गर्दी नव्हती. मला वाटलं आता पुढची गाडी धरायची, पण अण्णा देवळाच्या आवारात भिंतीला टेकून बसले. एक गाडी गेली. दुसरी गेली. मी म्हटलं, "अण्णा, गाडी गेली की." ते म्हणाले, "जाऊ दे. येती दुसरी." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि ते सूर्याकडं बघत होते. मेंढरं परत वळवायची वेळ झाली का ते बघतात तसे. तेव्हा मला कळलं. ते अंधार पडायची वाट बघत होते. उजेडात मला गावात न्यायचं नव्हतं.

पुढं माझ्या आयुष्यात लाज वाटावी असे प्रसंग आले, येतात. पण त्या आवारात, उन्हं उतरत असताना, अण्णांच्या शेजारी बसून जी वाटली तशी परत कधी वाटली नाही. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त माझी लाज झाकत होते, जमेल तशी. आणि त्यासाठी त्यांना उपाशीपोटी देवळाच्या भिंतीला टेकून बसावं लागत होतं, कारण सगळ्या भाकरी मी खाल्ल्या होत्या.

दिवस मावळल्यावर आम्ही निघालो. फाट्यावर न उतरता पुढच्या थांब्यावर उतरलो आणि ज्वारीच्या रानातल्या वाटेनं मागच्या बाजूनं घरात शिरलो. आईनं मला दारातच घट्ट धरलं. तिच्या हाताला माझी हाडं लागली असतील. ती म्हणाली, "आली ना? बास मग."

पण गाव काही आईसारखं "बास मग" म्हणणार नव्हतं. परदेशी गेलेली पोर मधूनच परत आली, तीही गुपचूप. याचं कारण लोकांना एकच सुचलं. आमच्या शेजारची म्हातारी साखर मागायला आली आणि माझ्या पोटाकडं बघत बसली. चुलत चुलतीनं आईला विचारलं, "कावून आली गं परत? बरी हाय ना तशी?" त्या 'तशी'वर तिचा जोर मला आतल्या खोलीत ऐकू आला. मला भूक सांगता आली नव्हती. आता याला उत्तर काय देणार?

उत्तर आईनं दिलं. मी आठवीत गेल्यापासून आमच्या घरात शिवाशिव बंद होती. आईनंच बंद केली होती, शाळेत जाणारी पोर चार दिवस बाहेर बसणार कशी म्हणून. त्या महिन्यात मला पाळी आली त्या सकाळी ती मला मुद्दाम सार्वजनिक नळावर घेऊन गेली. बायकांची रांग होती. मी हंडा उचलायला वाकले तशी आई एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं, "ए, बाजूला हो! हंड्याला शिवू नको! पाळी आलीया ना तुला?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. पाणी भांड्याबाहेर वाहत होतं, ते कोणी बंद करीना. मी मागं सरले, भिंतीला चिकटले. जमीन दुभंगली तर बरं, असं वाटत होतं. आई शांतपणे हंडा भरत होती. घरी आल्यावर तिनं मला जवळ बसवून, शिवून, स्वतःच्या हातानं केस विंचरून दिले. "दुसरं काय सुचलंच न्हाई मला," एवढंच म्हणाली. ती बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि पहिली कुजबुज विरली.

बॅनर आम्हाला काढावा लागला नाही. पुढाऱ्यांच्या मुलाचा वाढदिवस आला, त्याचा नवा बॅनर त्याच बांबूंवर माझ्यावरच ताणून बांधला.

शाळेत गेले तेव्हा मात्र मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते सौम्यपणे बोलले. तब्येतीमुळे आले असं सांग, बाकी खोलात जाऊ नकोस, लहान मुलींना काही सांगत बसू नकोस, संस्थेचं नाव आहे. मी हो म्हटलं. बाहेर व्हरांड्यात इंग्रजीच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मला नखशिखांत बघितलं. "मला एक फोन का नाही केलास?" त्यांनी विचारलं. त्यांचा नंबर माझ्याकडं होता. घंटा झाली तशा त्या तासाला गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कोणत्याच मुलीला त्या परीक्षेला बसवलं नाही. त्यांनी माझ्यामुळं सोडलं का, विचारायची हिंमत मला झाली नाही. पुढं त्यांची बदली झाली.

मी बारावी केली, शिकत राहिले. आता माजलगावला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. इथं मला कोणी ओळखत नाही असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी माझ्याच अकरावीच्या वर्गातली एक मुलगी तशाच शिष्यवृत्तीसाठी निवडली गेली. तिच्या वडिलांचं धान्याच्या मोंढ्याजवळ बियाण्याचं छोटं दुकान आहे. निवडीची बातमी कॉलेजात फिरली आणि दोन दिवसांनी तिची आई स्टाफरूमच्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात रुमालाची घडी.

"मॅडम, एक इचारू का? राग नका मानू. तुमी तिकडं गेलतात म्हणं."

"हो."

"आन् परत आलतात म्हणं मधूनच. कावून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सरळ कोणी विचारला नव्हता. लोक पोटाकडं बघायचे, विषय काढून सोडून द्यायचे, कारण स्वतःच ठरवायचे. या बाईला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, कारण तिची लेक जाणार होती. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ताट, कपाट, पाव, उंदीर. उंदराला ती खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "अगं माय माय," म्हणत राहिली, "एवढुसं लेकरू."

त्यानंतर दर रविवारी ती लेकीला माझ्या घरी पाठवायला लागली. मी त्या मुलीला इंग्रजी नाही शिकवलं, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी तिला माझ्या स्वयंपाकघरात उभं केलं. म्हटलं, "फ्रिज उघड. दही आहे, काढून खा. मला विचारू नकोस."

ती फ्रिजच्या दाराला हात लावून उभी राहिली. "मॅडम, घेऊ?"

"विचारू नकोस म्हटलं ना."

"बरं." परत हात लावला. परत माझ्याकडं वळली. "थोडंच घेते हं मॅडम." आम्ही दोघी हसत सुटलो. असे तीन-चार रविवार गेले तेव्हा कुठं ती एकदा सरळ आत आली, दही काढलं, बसून खाल्लं आणि मग म्हणाली, "साखर कमी आहे मॅडम घरात." मला इतका आनंद झाला.

ती गेली. महिना-दीड महिन्यानं, सकाळी मी कॉलेजला चालत निघाले होते, फोन वाजला. तिकडं संध्याकाळ. ती रडत होती. खाण्याचं काही नव्हतं, खाणं तिला जमलं होतं. घरात कोणी बोलत नाही, दिवसभर सगळे आपापल्या खोलीत, तळघरातल्या खोलीत एकटी असते, भीती वाटते.

"मॅडम, मला घरी यायचंय. आईला सांगू नका. तुम्हाला सांगते आधी."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. समोरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते असं होतं: येऊ दे हिलाही. आली तर आपण दोघी होऊ. मी एकटीच अशी नाही, एवढी हुशार, तयारी करून गेलेली मुलगीही परत आली, असं होईल. हे मी विचार करून ठरवलं नाही, ते आपोआप वर आलं, आणि त्यासोबत एक हलकं हलकं सुख. फोनवर ती "मॅडम? ऐकताय ना?" म्हणत होती.

"ऐकतेय," मी म्हटलं. "तिथल्या देखभालीच्या बाईंना फोन कर. आजच. दुसरं घर मागून घे."

"यांना वाईट वाटेल ना."

"वाटू दे. मी म्हणाले होते, तुम्ही म्हणाल तसं. तू तसं म्हणू नकोस. मला दुसरं घर पाहिजे, असं म्हण. म्हण आता."

"आत्ता?"

"हो, मला म्हणून दाखव."

तिनं नाक ओढलं आणि म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. ट्रॉल्यांच्या आवाजात मला ते नीट ऐकूही आलं नाही, पण मी "बरोबर" म्हटलं.

तिला दुसरं घर मिळालं. तिथं तिच्याच वयाची मुलगी आहे, एक आजी आहे, कुत्री आहेत. तिचे फोटो येतात. तिची आई मला बाजारात भेटली की हात धरते. "तुमच्यामुळं ऱ्हायली बघा मॅडम ती. तुमी नसत्या तर आली असती पळून." मी म्हणते, तिची हिंमत. ती म्हणते, "न्हाई न्हाई, तुमीच." ती हात सोडत नाही आणि माझा चेहरा तापत जातो. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला माझ्या मनात काय आलं होतं ते या बाईला मी सांगू शकत नाही. सांगून तिचं काही भलंही होणार नाही.

दिवाळीला गावी गेले होते. अण्णा आता थकलेत, पण मेंढरं सोडवत नाहीत. आईनं त्यांना त्या मुलीचं सांगितलं होतं. सकाळी ते निघताना, काठी हातात घेऊन दारात थांबले.

"ती पोरगी ऱ्हायली का मग तितं?"

"राहिली," मी म्हटलं. "करमतंय आता तिला."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. थोडं थांबून परत म्हणाले, "लई बरं झालं." आणि मेंढरांना हाक घालत निघाले. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडं बघत होते. त्या दुसऱ्या 'बरं झालं'मध्ये माझ्यासाठी काही होतं का, ते मला ओळखता आलं नाही. मेंढरं वळणावरून दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तरी मी तिथंच होते. मग आईनं आतून चहाला हाक मारली.